सावधान आधी पोचलं

लग्न चंद्रावरच्या वस्तीत आणि गुरुजी वाईला. “मंगलाष्टकांपुरती अख्खी लाइन आपल्यासाठी राखून ठेवू,” नवरीचे वडील दिगंबरराव म्हणाले. “आवाज सलग येईल.”

“आणि तोवर वस्तीतल्या कुणी घरी बोलायचंच नाही?” नवरी शाल्मली फणकारली. इथलं संपर्काचं सगळं जाळं तीच सांभाळायची. “आवाजाचे तुकडे करू आणि सगळ्यांच्या बोलण्यात मिसळून पाठवू, बाबा. एखादा मागेपुढे होईल, पण कुणाचं अडणार नाही.”

मंगलाष्टकं झकास चालली. शेवटच्या कडव्याला मात्र एक ओळ वाटेतच राहिली आणि स्पीकरमधून गुरुजींचं खणखणीत “सावधान!” आधी आलं. सवयीनं सगळे हात उंचावले, अक्षता उडाल्या.

“अगं, ओळ राहिली!” दिगंबरराव ओरडले. “अक्षता पडल्यासुद्धा!”

“कुठं पडल्यात? वर बघा,” अंतरपाटामागून शाल्मली म्हणाली.

चंद्रावर काहीच घाईनं पडत नाही. तांबडे दाणे उंच छताशी रेंगाळले आणि सावकाश खाली निघाले. तेवढ्यात राहिलेली ओळ आली, अगदी सुरात. ती संपली आणि पहिला दाणा नवरीच्या केसांवर टेकला.

दिगंबररावांनी डोळे पुसले. “हं, आता काढा अंतरपाट!”