ओसरीचा दिवा

नायगावात गुरुजींच्या ओसरीचा दिवा लागला, की ते उठले असं समजून मुलं शिकवणीला येत. ती बाहेर पाढे म्हणत, गुरुजी आत चहा करत. चूक झाली की आतूनच ओरडत. काल गुरुजींच्या पुण्यातल्या मुलानं, सुगतनं, वडिलांचा त्रास वाचावा म्हणून घर सांभाळणाऱ्या एआय एजंटकडून तो दिवा रोज पहाटे आपोआप लागेल असं करून घेतलं. आज दिवा लागला, मुलं आली. “सात सत्ते पन्नास,” महामाया चुकली. आतून कुणी ओरडलं नाही. ती मुद्दाम पुन्हा चुकली. तरी शांतताच. तिनं बेल दाबली. फोनला जोडलेल्या बेलमधून सुगत पुण्याहून बोलला, “दिवा आता आपोआप लागतो गं, झोपले असतील. एजंट सगळं ठीक म्हणतोय.” “दादा, गुरुजी चूक ऐकून गप बसत न्हाईत. कुलूप उघडा!” सुगतनं फोनवरून कुलूप उघडलं. बाथरूममध्ये पडलेल्या गुरुजींचा क्षीण आवाज आला, “एकोणपन्नास.”