पार्सल वाटेत आहे

गावोगावचा माल आधी मोठ्या गोदामात जायचा आणि तिथून छोट्या गाड्यांनी माघारी यायचा. तोवर ट्रकचं सील तोडायचं नाही, आत काय आहे ते विचारायचं नाही.

घर रस्त्यावरच होतं, म्हणून ड्रायव्हर आजारी आईला बघायला पाच मिनिटं थांबला.

“इंजेक्शनचं पार्सल चार दिवस नुसतं ‘वाटेत आहे’ दाखवतंय,” बायको रडकुंडीला आली होती.

“मेले हे वाहतूकवाले!” तो करवादला.

“शिव्या नको देऊस रे,” आई धापा टाकत म्हणाली. “तीही कुणाची तरी लेकरंच.”

तीनशे किलोमीटर तोडून तो गोदामात पोहोचला, तेव्हा आई गेल्याचा फोन येऊन तास झाला होता.

 

हमालाने सील तोडून पहिलाच खोका उतरवला. त्यावर आईचं नाव होतं.