हिरवी चिंधी

कमरेएवढ्या पाण्यात उभ्या पार्बतानं पुन्हा पलीकडच्या हिरव्या कोपऱ्याकडे पाहिलं. अभयारण्याच्या तळ्यातलं माजलेल्या बेशरमीच्या झुडपांचं रान उपटून गावच्या बायांनी पाणवनस्पती लावल्या होत्या, एकेकीला एकेक कोपरा. रोपाच्या मुळाशी चिखलाचा गोळा, त्यावर आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधून ते तळाशी सोडायचं. पार्बताचा कोपरा उजाडच राहिला. धाकट्या जावेचा, रेवताचा, हिरवागार झाला आणि त्यात कमळपक्ष्यानं घरटं केलं. वनखात्याचे साहेब पाहुण्यांना दुर्बिणीतून तेच दाखवत.

“मेल्या पाखरालाही तीच गोड,” पार्बता पुटपुटली.

दुपारी बाया भाकरीला काठावर गेल्या, तशी ती रेवताच्या कोपऱ्यात शिरली आणि हाताला लागलेलं रोप तिनं मुळासकट उपटलं. मुळाशी दोन चिंध्या होत्या. वरची रेवताच्या लाल लुगड्याची. आतली हिरवी, पार्बताच्या स्वतःच्या लुगड्याची.

“तुमचंच होय ते, जाऊबाई.” मागे रेवता उभी होती. “तुमच्या गाठी ढिल्या. रोपं वाहत माह्याकडे आली. फेकू कशी?”

पार्बताचा जीव अजून जळतच होता. तरी तिनं रोप होतं तिथंच लावलं, आणि या खेपेला गाठ करकचून आवळली.