खोकला येईना

"आजोबा, पुन्हा. पोटातून जोर लावून," आरोग्यताई म्हणाली.

परसात ऊन आलं होतं. म्हातारा सुतार प्लास्टिकची छोटी डबी हातात धरून मोकळ्यावर उभा होता. त्याने छाती भरून श्वास घेतला, डोळे मिटले, खांदे वर उचलले आणि खोकला. सभेत कुणाचं लक्ष वेधायला हळूच खाकरावं, तसला तो खोकला. डबीत पडलं ते ताईने लांबूनच पाहिलं आणि मान हलवली.

"ही लाळ झाली, आजोबा. लाळ तोंडातली. मला छातीतला बेडका हवाय. क्षयाचे जंतू असले तर ते तिथे असतील. कपाटातली वस्तू अंगणात शोधून कशी सापडेल?"

"अगं पोरी, नाहीच येत तर काय करू? निरोप धाडून बोलावू का खोकल्याला?"

दारात त्याची बायको उभी होती, शेजारी लेक. लेकीच्या खांद्यावर तिची तान्ही मुलगी झोपली होती. दुपारी गाडी येणार होती आणि लेक तान्हीला घेऊन आपल्या सासरी, लांबच्या गावी निघणार होती. सुताराने नातीला अजून एकदाही हातात घेतलं नव्हतं. तिचा पाळणा त्यानेच केला होता, पण झोके द्यायचा ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून, लांब दोरीने.

"बाबा, ताई सांगून सांगून दमल्या," लेक म्हणाली. "औषध नीट लागू पडलं तेव्हाच तुमच्यापासूनचा धोका गेला. घ्या ना हिला."

"ताई खरं तेच सांगते. पण ओळंबा लावल्याशिवाय मी परक्याचं दारसुद्धा बसवलं नाही. ही तर माझी नात. शेवटची तपासणी होऊ दे, मग घेतो."

ताईने घड्याळाकडे पाहिलं. बेडका तपासणारा माणूस तीन आरोग्य केंद्रांत मिळून एकच. इथे तो आठवड्यातून एकदा यायचा आणि दुपारी उठून जायचा. आज चुकलं तर पुढच्या आठवड्यात, आणि तोवर नात कुठली इथे!

या म्हाताऱ्यासाठी ताईने काय नाही केलं! केंद्रातल्या गोळ्या संपल्या तेव्हा दुसऱ्या केंद्रातून मागून आणल्या. बरं वाटायला लागल्यावर त्याने गोळ्या सोडल्या, तेव्हा रोज दारात येऊन भांडली. आजार हटला, औषधं पुरी झाली. आणि आता आजार हटला म्हणूनच घोडं अडलं होतं.

मिठाच्या पाण्याची वाफ घेऊन झाली. ताईच्या सांगण्यावरून जिना चढून उतरून झालं. सुतार खाली आला तो शीळ घालत. साधी धापसुद्धा नाही.

"झालं! आता घोड्यासारखं पळवा यांना, तरी काही निघायचं नाही," बायको म्हणाली. मग तिने पदर खोचला. "अहो, विसरलात की काय? असं खोकायचात तुम्ही!"

ती भिंतीपाशी गेली. एक हात भिंतीला, एक कमरेला. कमरेत वाकून तिने आधी घशात नुसतं खरखर केलं. मग एकदम गप्प. डोळे मोठे करून तिने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं, जणू आता घर पडणार. आणि मग असा काही खोकला काढला की कुंपणावरची चिमणी उडाली. शेवटी कपाळाला हात लावून ती कण्हली, "अगं, पाणी आण गं... कोमट हं... आणि जरा गोड काही असलं तर तेही बघ..."

"गोड मी कधी मागितलं?" सुतार ओरडला.

"रोज!" मायलेकी एका सुरात म्हणाल्या.

सुतार हसला. आधी गालात, मग मोठ्याने, मग पोट धरून. हसू खोल खोल उतरत गेलं आणि तिथून, कुठून कोण जाणे, घरघरत एक खराखुरा खोकला वर आला.

"मागे व्हा सगळे!" ताई ओरडली. "डबी, आजोबा, डबी!"

डबी वेळेवर तोंडाशी गेली. झाकण लागलं. ताईने हातमोजे घालून ती उजेडात धरली. "हा खरा माल!"

बायकोने टाळ्या वाजवल्या. "थुंकीसाठी टाळ्या! काय काय करायला लावाल या वयात!"

ताई डबी पेटीत ठेवून निघाली, ती जवळजवळ पळतच.

दुपारी गाडी दारात येऊन थांबली. सामान चढलं. गाडीवाल्याने एकदा हॉर्न दिला, दुसऱ्यांदा दिला. लेक उंबऱ्यावर रेंगाळत होती. सुतार गल्लीच्या कोपऱ्याकडे बघत उभा होता.

कोपऱ्यावर ताई दिसली. लांबूनच ती दोन्ही हात हवेत हलवत होती. "काही नाही! एकसुद्धा नाही सापडला!"

"काय हरवलं गं?" खिडकीतून शेजारीण काळजीने विचारू लागली. तिला उत्तर द्यायला कुणाला सवड नव्हती.

सुताराने कोपरापर्यंत हात धुतले, पुसले आणि पायरीवर बसला. लेकीने मुलगी त्याच्या हातांवर ठेवली.

"बाबा, फळी धरल्यासारखे हात नका ताठ करू. सैल सोडा जरा."

त्याने हात सैल सोडले. नात त्याच्या छातीशी आली, तिने जांभई दिली आणि डोळे उघडून वर पाहिलं.

गाडीवाल्याने तिसऱ्यांदा हॉर्न दिला.

"थांऽऽब रेऽऽ!" सुताराने एका दमात अशी हाक दिली की ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली.

नात दचकली, पण रडली नाही. गाडीवाल्याने इंजिन बंद केलं.