त्याचं पान

माझ्या बायकोचं, रेखाचं, लग्न आधी नौदलातल्या सुहासशी ठरलं होतं. जखमींची मलमपट्टी करणारा तो पोरगा लढाईत बेटावर उतरताना नाहीसा झाला. तो बाविशीतच राहिला. माझं मात्र कुवेतच्या पाण्यानं टक्कल पडलं. दर सर्वपित्रीला ती त्याच्यासाठी पान वाढायचं म्हणायची. मी म्हणायचो, "माझ्या घरात त्याचं पान नको."

रेखाच्या दहाव्याला कुवेतमधल्याच महबूलाच्या किनाऱ्यावर पिंड ठेवला. मुलाचा, घराचा, सगळ्याचा शब्द दिला, तरी कावळा शिवेना.

"बाबा, आईचं काय राहिलंय?" नीरजनं विचारलं.

मी दातओठ खात पुटपुटलो, "बरं, वाढीन त्याचं पान."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा शिवला.



एवढी घाई रेखानं माझ्यासाठी कधीच केली नव्हती.