रिकाम्या ऑफिसचा आवाज

"खोकला अजून ऑफिसातला वाटत नाही, आई," तो म्हणाला. "घरचा वाटतो. ऑफिसात माणूस खोकतो तो कुणीतरी विचारपूस करावी म्हणून."

सासूबाईंनी माइककडे रोखून पाहिलं. "जावईबापू, सकाळपासूनचा हा तेविसावा. आता मला खराच यायला लागलाय."

"मग हाच ठेवू."

शेजारी बायको स्टेपलर घेऊन बसली होती. दर चाळीस सेकंदांनी एकदा दाबायचा आणि अधूनमधून वैतागून दोनदा. वैतागायचं तिला शिकवावं लागलं नव्हतं.

ऑफिस बंद पडलं त्याला आठ महिने झाले होते. त्यानंतर घरबसल्या काम शोधताना त्याने बऱ्याच ठिकाणी डोकं आपटलं. पहिल्या कंपनीत पाकिटं चिकटवायची होती, पण आधी अनामत भरा म्हणाले. दुसरीत आधी आणखी दहा माणसं आणायची होती. तिसरीच्या माणसाने फोनवर गोड बोलून बँकेचा पासवर्ड मागितला. तो इतका गोड बोलला, की याने त्याला तासभर जुन्या ऑफिसचे किस्से ऐकवले. शेवटी फोन त्या माणसानेच ठेवला.

चौथी कंपनी मात्र खरी निघाली. घरून काम करणाऱ्यांना घरातली शांतता सोसत नाही, म्हणून त्यांच्या कानांसाठी ऑफिसचे आवाज बनवून विकायचा तिचा धंदा होता. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुमच्या ऑफिसातलं काय आठवतं?"

तो बोलू लागला. पाऊण तासाने पहिल्या कपाटाच्या दुसऱ्या खणापर्यंत पोहोचला, तेव्हा बाई म्हणाल्या, "सोमवारपासून या. म्हणजे, येऊ नका. घरूनच."

तीन महिने बघणार होते. शेवटी एक तासाचं पूर्ण ऑफिस बनवून द्यायचं. पसंत पडलं तर नोकरी पक्की, नाहीतर पुन्हा पाकिटं आणि पुन्हा दिवसभर घरच्यांना किस्से. यातल्या नेमक्या कशाच्या धास्तीने बायको इतकं मन लावून स्टेपलर दाबत होती, हे त्याने विचारलं नाही.

घरून काम करणं अंगवळणी पडायला वेळ लागला. पहिले दोन आठवडे तो बूट घालून, बॅग घेऊन निघायचा, इमारतीला एक चक्कर मारायचा आणि स्वतःच्याच दाराची बेल वाजवायचा. बायको दार उघडून म्हणायची, "साहेब बाहेर गेलेत. उद्या या."

पण डोळे मिटले की सगळं समोर यायचं. चारच्या सुमाराला फायलींवर सरकत येणारं ऊन. गुडघ्याने कपाट लावणारे हेडक्लार्क नाना. एकच चष्मा दोघींत वापरणाऱ्या टायपिस्ट. चहा आला की पंधरा माणसांनी एकदम मारलेली फुंकर.

आणि तो शेवटचा दिवस. साहेब उभे राहून जड आवाजात म्हणाले, "आजपासून हे ऑफिस बंद. ज्याने त्याने घरून काहीतरी बघावं." नानांनी त्याला मिठी मारली. बाकीच्यांनी भिंतीकडे तोंडं फिरवली, त्यांचे खांदे नुसते हलत होते. आठवण म्हणून त्याची खुर्ची त्यालाच देऊन टाकली. कुलूप लावायला थांबतो म्हणाला, तर सगळे एका सुरात म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." अशी माणसं आता कुठे मिळणार?

नानांना तो अजून फोन करायचा.

"नाना, इतकं हळू का बोलताय?"

"घरी सगळे झोपलेत रे."

"सकाळी अकरा वाजता?"

"हो. वाईट दिवस आलेत. ठेवू?"

त्याला फार वाईट वाटायचं. नाना पार खचले होते.

तासभराचं ऑफिस तयार झालं. बाईंनी ते ऐकलं. "माणसं उत्तम आहेत. खोकला तर अप्रतिम. पण तुमची माणसं स्वयंपाकघरात बसल्यासारखी वाटतात."

"स्वयंपाकघरातच बसलीत ती."

"तेच म्हणते मी. आधी रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायचा असतो, मग त्यावर माणसं बसवायची. शुक्रवारपर्यंत खरी खोली आणा, नाहीतर मला वर काही सांगता येणार नाही."

रिकामी खोली कुठे मिळणार, हे त्याला ठाऊक होतं.

शुक्रवारी दुपारी तो जुन्या इमारतीत शिरला. त्याला बघताच लिफ्टवाला स्टुलावरून उठला, इंटरकॉमवर घाईघाईने काहीतरी पुटपुटला आणि म्हणाला, "लिफ्ट बंद आहे." इमारतीला अशी अवकळा आलेली बघून त्याचा जीव गलबलला.

तीन मजले चढून तो दारापाशी आला. दार लावलेलं होतं. बोर्ड काढायचंही कुणाला सुचलं नव्हतं. त्याने हेडफोन लावले, माइक दाराच्या फटीशी धरला आणि बटण दाबलं.

शांतता अप्रतिम होती. घट्ट आणि भरलेली. पंधरा माणसं श्वास रोखून बसावीत, तशी. बाईंना हवी होती ती हीच. नोकरी पक्की झाली म्हणायची.

पाच मिनिटं त्याने ती ऐकली. त्याचे डोळे भरून आले. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. त्याने नानांना फोन लावला.

दाराच्या आत फोन वाजला.

एकदा वाजला, दोनदा वाजला. मग हेडफोनमध्ये साहेबांची कुजबुज अगदी स्पष्ट ऐकू आली. "उचलू नका, नाना. आठ महिने झाले, आत्ता कुठे ऑफिसात कामं व्हायला लागलीत."