पेलागात्तींना हरकत

"गास्पारे, शपथ घेऊन सांग. पेलागात्तीच होतं?" ओरेस्तेने हातातले पत्ते टेबलावर उलटे ठेवले.

"अरे, मी काय आंधळा आहे? नगरपालिकेच्या फलकावर, काचेच्या आत. आडनाव बदलायचा अर्ज. त्यात पेलागात्ती असं ठळक छापलंय. पुढचं नाही वाचलं, बस सुटत होती माझी."

पेलागात्ती म्हणजे मांजरं सोलणारा. गावात हे आडनाव लावणारी दोनच माणसं उरली होती, म्हातारा ओरेस्ते आणि त्याची मुलगी मिरेल्ला. आमच्याकडे लग्नानंतरही बायका माहेरचंच आडनाव लावतात, पण मुलांना मिळतं बापाचं. मिरेल्लाचे दिवस भरत आले होते आणि येणारं बाळ जावयाच्या घराण्याचं, दिओताल्लेव्ही होणार होतं. म्हणजे नाव तसंही संपतच आलेलं. त्यात आता पोटची पोरसुद्धा ते टाकून देतेय म्हटल्यावर ओरेस्तेच्या अंगाचा तिळपापड झाला.

या नावासाठी त्याने काय कमी ऐकून घेतलं होतं? तो बारमध्ये शिरला की कुणीतरी म्याव करणारच. मग ओरेस्ते खुर्ची पुढे ओढून वेढ्याची गोष्ट सुरू करायचा. शत्रूने गाव वेढलं, बर्फ पडलं, तटावरच्या पहारेकऱ्यांची बोटं गळायला लागली. तेव्हा त्याच्या पूर्वजाने मांजरांच्या कातड्याचे हातमोजे शिवून दिले आणि गाव वाचलं. "मांजरं आधीच उपाशी मेली होती, एवढं ध्यानात ठेवा!" हे तो दरवेळी बजावायचा. खरंखोटं देव जाणे.

जावई सिल्वानो तर रविवारी जेवताना मुद्दाम विषय काढायचा. "सासरेबुवा, ते हातमोज्यांचं सांगा ना. कुणाकुणाला मिळाले?" ओरेस्तेला वाटे, लेकाचा टिंगल करतोय. करेल नाहीतर काय! याचं स्वतःचं आडनाव केवढं देखणं. देव तुला वाढवो, असा त्याचा अर्थ. कुणी कौतुक केलं की सिल्वानो खांदे उडवायचा. "नन्सनी दिलं हो. पणजोबांना कुणीतरी अनाथालयाच्या दारात ठेवून गेलं. त्या दिवशी आलेल्या सगळ्या पोरांना तेच चिकटवलं."

ओरेस्ते तडक मुलीच्या घरी गेला. ती पीठ मळत होती.

"फलकावरचा तो अर्ज. खरं आहे?"

मिरेल्लाचे हात थांबले. "कुणी सांगितलं तुम्हाला? बाप्तिस्म्याच्या दिवशी सांगणार होतो आम्ही."

"सिल्वानोचं डोकं ना?"

"त्याचंच. मी म्हटलं, एवढा खटाटोप कशाला? पण ऐकेल तर शपथ. बाळ यायच्या आत व्हायला हवं म्हणतो."

"आणि मला विचारावंसं नाही वाटलं?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात तर?" तिने पिठाचे हात ॲप्रनला पुसले. "बाबा, तुमची हरकत आहे?"

तो टोपी डोक्यावर दाबत बाहेर पडला.

हरकत! दाखवतोच हरकत. आमच्याकडे असा अर्ज आला की तो काही दिवस फलकावर लावतात. ज्याला आक्षेप असेल त्याने पुढे यावं. ओरेस्ते नगरपालिकेची चढण तरातरा चढू लागला.

शाळेपाशी मात्र त्याचा वेग कमी झाला. याच रस्त्याने लहानगी मिरेल्ला रडत घरी यायची आणि पोरं म्याव म्याव करत मागे असायची. एकदा तिने विचारलं होतं, "बाबा, आपण दुसरं नाव घेऊ या का?" तेव्हा तो केवढा ओरडला होता तिच्यावर! आता त्याला भरून आलं. पोरीपेक्षा नाव मोठं होय? तो फाटकाच्या कठड्यावर बराच वेळ टेकला, मग उठून चालू लागला.

फलकाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. त्यात काय पाहायचंय? तो सरळ आत, खिडकीमागच्या कारकून एर्मिनियाकडे गेला.

"त्या अर्जाबद्दल आलोय."

एर्मिनियाचा चेहरा उतरला. "हरकत घ्यायला? ओरेस्तेकाका, तुम्ही?"

"नाव माझं आहे, मग दुसरं कोण घेणार?"

"घेता येते हो. पण ती दोघं बिचारी मोडून पडतील."

"नाही घेत." ओरेस्तेने टोपी काढली. त्याच्या मनावरचं ओझं उतरलं होतं. "हेच सांगायला आलो. माझ्या मिरेल्लाने पुष्कळ सोसलंय, सुटू दे तिला. पेलागात्ती संपले तर संपले. माझी काही तक्रार नाही."

एर्मिनिया त्याच्याकडे बघतच राहिली. "संपले? अहो काका, मिरेल्लाने कुठे अर्ज केलाय? अर्ज तुमच्या जावयाचा आहे. दिओताल्लेव्ही टाकून त्याला पेलागात्ती व्हायचंय."